गरम झाली की बंद पडणारी जुनी बुलेट: करंट नेमका कुठे जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांची 1978 ची बुलेट 350, 6 व्होल्टची, पॉइंटवर, म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांवर, चालणारी. थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. गोव्यात डिचोलीहून म्हापशाला निघालं की दहाएक किलोमीटरवर, अस्नोड्याच्या आसपास, एक-दोनदा मिसिंग मारते आणि एकदम बंद पडते. मग कितीही किका मारा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. प्लग बदलला, कॉईल नवी घातली, कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला, तरी फरक नाही. आता एका गॅरेजमध्ये सांगितलंय की पॉइंट काढून टाका आणि इलेक्ट्रॉनिक किट बसवा.

माझा अंदाज आधीच सांगतो: कंडेन्सर, म्हणजे पॉइंटला जोडलेला, करंट क्षणभर साठवणारा छोटा डबा. गरम झाल्यावर मरणारी आणि थंड झाल्यावर उठणारी पॉइंटची गाडी माझ्याकडे आली की दहापैकी सहा-सात वेळा तोच निघतो. पण माझ्या शब्दावर लगेच दुकानात जाऊ नका. प्लग, कॉईल आणि कार्बोरेटर या तिन्हींवर तुमचा खर्च अंदाजावरच झाला आहे. हा दोष फक्त गरम असताना दिसतो, आणि गाडी गॅरेजपर्यंत येईतो थंड झालेली असते. थंड गाडीवर कितीही मीटर लावा, सगळं बरोबरच दाखवणार. त्यामुळे खरी तपासणी अस्नोड्याला रस्त्याच्या कडेला, गाडी बंद पडल्यावरच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत करायची. पुढचं सगळं त्या दहा मिनिटांसाठी लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे दोष खरंच करंटचा आहे का. पेट्रोल तुटल्यावर गाडी हळूहळू दम सोडते, थोडी ओढते, पुन्हा ढिली पडते, आणि चोक ओढला तर दोन क्षण सावरते. करंट तुटल्यावर मात्र स्विच बंद केल्यासारखी थांबते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे, तरी बंद पडल्याबरोबर टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा शिरल्याचा आवाज आला आणि मिनिटभराने गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, इग्निशनला, म्हणजे स्पार्कच्या बाजूला, हातही लावू नका.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक तपासतात. गरम असतानाच किक हाताने हळू दाबून बघा. नेहमीसारखा दाब लागतो का? जुन्या बुलेटचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्यांची (पुशरॉडची) जोडणी, घट्ट बसवले असले तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व पुरता बंद होत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि स्पार्क असूनही गाडी मरते. थंड झाल्यावर पुन्हा ठीक. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच. या इंजिनात टॅपेटला गॅप शून्य ठेवतात, पण शून्य म्हणजे घट्ट नव्हे. थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना, पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली खेळता कामा नये. घरी एकदा हे बघून घ्या म्हणजे तो संशय मिटेल.

आता करंटकडे येतो. बॅटरीतून निघालेला करंट चावीच्या स्विचमधून कॉईलच्या आतल्या जाड तारेच्या वेढ्यांत जातो, तिथून पॉइंटमधून इंजिनच्या बॉडीला, म्हणजे अर्थला. पॉइंट बंद असतात तेव्हा कॉईल भरते. कॅमने पॉइंट उघडला की हा करंट एकदम तुटतो आणि त्या तुटण्यामुळे कॉईलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट उठतात. तो प्लगचा स्पार्क. करंट जितका झटक्यात तुटेल तितका स्पार्क जोरदार. पण पॉइंट उघडतानाच करंट मधल्या फटीतून उडी मारायला बघतो. ती उडी अडवून क्षणभर स्वतःत साठवून घेतो तो कंडेन्सर. कंडेन्सर मेला की करंट पॉइंटवरच ठिणगी होऊन जळतो आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही.

तुमच्या गाडीला एक मोठी देणगी आहे, ती म्हणजे हेडलाइटच्या डोक्यावर स्पीडोमीटरशेजारचा छोटा अँपिअर मीटर. बॅटरी चार्ज होते का बघायला तो आहे एवढंच बहुतेक लोक समजतात. मी त्याच्यावर अर्धं निदान करतो, गाडीचा एकही नट न उघडता. लाइट बंद ठेवा, चावी लावा, इंजिनचा दाब सोडणारा डीकॉम्प्रेशनचा लिव्हर धरून किक अगदी हळू खाली न्या आणि काट्यावर नजर ठेवा. पॉइंट बंद असेल तोवर काटा डिस्चार्जच्या बाजूला साधारण तीन-चार अँपिअरवर झुकलेला असतो. पॉइंट उघडला की काटा मध्यावर येतो, मिटला की पुन्हा झुकतो. इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा. जुने लोक गाडी सुरू करण्याआधी हा काटा मध्यावर आणूनच किक मारायचे, कारण काटा मध्यावर आला म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाजवळ आला. तुमच्या वडिलांनी हे तुम्हाला दाखवलं असेल.

गाडी मेलेली असताना काटा काय करतो त्यावर पुढची वाट ठरते. तो हललाच नाही, मध्यावरच बसून राहिला, तर कॉईलला करंटच जात नाही. बॅटरीच्या टर्मिनलची सैल टोपी, फ्यूज, चावीचा झिजलेला स्विच, कॉईलची आतून तुटलेली तार किंवा पॉइंटवरचं तेल, यांपैकी काहीतरी. काटा डिस्चार्जलाच चिकटला आणि किक फिरवूनही परत येईना, तर करंट न तुटता सतत अर्थ होतोय. एक तर पॉइंट उघडतच नाही, किंवा त्याची वायर कुठे तरी बॉडीला लागली आहे, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. आणि काटा नियमित हलतोय, तरी स्पार्क नाही? मग पॉइंटपर्यंतची बाजू काम करते आहे, आणि संशय उरतो तो उघडा पडलेला, म्हणजे आतली जोडणी तुटलेला, कंडेन्सर, कॉईलची बारीक तार, प्लगची जाड वायर, कॅप आणि प्लग यांच्यावर. वायरिंगचा अर्धा गुंता असा एका काट्यावर सुटतो. काटाच मेला असेल तर मीटर नवा घाला. शोभेची वस्तू नाही ती.

पुढच्या फेरीला निघताना टूलबॉक्समध्ये एवढं ठेवा: एक तपासलेला चांगला प्लग, प्लग पाना, फट मोजायचं फीलर गेज, छोटा स्क्रूड्रायव्हर, एक जुनं पोस्टकार्ड, 6 व्होल्टचा पार्किंगचा छोटा बल्ब दोन वायर जोडून, आणि दोन टोकांना चिमटे लावलेला एक कंडेन्सर. कंडेन्सर बुलेटचाच हवा असं नाही. जुन्या अँबेसडर-फियाटच्या डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे पॉइंट बसतात त्या डब्याचा, चालतो, कारण सगळ्यांची किंमत साधारण 0.2 मायक्रोफॅरडच्या आसपासच असते.

गाडी बंद पडली की आधी काटा बघा. मग चांगला प्लग कॅपमध्ये घालून त्याची बॉडी हेडच्या पात्याला टेकवा आणि किक मारा. इंजिनातला प्लग बाहेर काढलेला असेल तर हातातला प्लग त्या भोकापासून लांब धरा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, ती पेटू शकते. गॅरेजमधले भुवया जळालेले चेहरे मी पाहिलेत. स्पार्क निळा, जाड आणि कानाला चटकन ऐकू येणारा असला तर इग्निशन संशयातून सुटलं, पुन्हा पेट्रोल आणि टॅपेटकडे वळा. पिवळट, बारीक, कधी येतो कधी नाही असा असला तर पॉइंटची टोपी काढा.

इथे एक गोष्ट जवळून बघायची आहे. सावलीत उभे राहा किंवा अंगावरचा शर्ट धरून अंधार करा. इंजिन अशा जागी आणा की पॉइंट बंद आहे, चावी चालू करा, आणि प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पॉइंटचा हलता हात उचलून सोडा. उचलाल तेव्हा दोन टोकांत सुईच्या अग्राएवढी, दिसेल न दिसेल अशी निळी ठिणगी पडली तर कंडेन्सर जिवंत आहे. पिवळी, फुललेली, तडतडणारी ठिणगी पडली आणि मागे जळक्याचा तीव्र वास राहिला, तर कंडेन्सर गेला. एकदा दोन्ही ठिणग्या शेजारी-शेजारी पाहिल्या की आयुष्यभर चूक होत नाही. म्हणून घरी थंड गाडीवरची ठिणगी आधीच बघून ठेवा, म्हणजे रस्त्यावर फरक ओळखाल.

पिवळी ठिणगी दिसली की चिमट्याचा कंडेन्सर लावा. एक चिमटा कॉईलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरा इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. जुना कंडेन्सर आतून उघडा पडला असेल तर एवढ्यावरच गाडी सुरू होईल. पण तो शॉर्ट झाला असेल, म्हणजे काटा डिस्चार्जला चिकटला असेल, तर नवा नुसता जोडून काही होणार नाही. आधी जुन्याची वायर सोडवावी लागते. हे न कळल्यामुळे चांगला कंडेन्सर लावूनही "कंडेन्सरचा दोष नाही" असा निष्कर्ष काढणारे मी पाहिलेत.

थंड कंडेन्सर मीटरवर तपासून समाधान मानू नका. मीटर दीड-दोन किंवा नऊ व्होल्टवर तपासतो. गाडीत पॉइंट उघडतो त्या क्षणी कंडेन्सरवर दोनशे-तीनशे व्होल्टचा मारा येतो आणि तोही तापलेल्या डब्यात बसून. आतला कागद तिथे हार मानतो.

नवा म्हणजे चांगला, यावरही माझा विश्वास नाही. काही वर्षांपूर्वी चवथीच्या तोंडावर एका पायलटची, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याची, बुलेट माझ्याकडे आली, तुमच्यासारखंच लक्षण. त्याचं पोट त्या गाडीवर, सणाचे दिवस. मी एकाच खोक्यातले तीन नवे कंडेन्सर एकामागून एक बसवले. पहिला दोन दिवस चालला, दुसरा संध्याकाळपर्यंत, तिसरा साखळी गावाहून परत येईपर्यंतसुद्धा नाही. त्या माणसाने तीन वेळा गाडी ढकलत आणली आणि मी तीन वेळा कॉईलवर, वायरिंगवर संशय घेतला. शेवटी जुन्या फियाटचा वापरलेला कंडेन्सर लावला, तो पुढे दोन पावसाळे चालला. त्या दिवसापासून मी कुठलाही नवा कंडेन्सर बसवण्याआधी पिवळ्या बल्बखाली हाताला चटका बसेल इतका तापवतो आणि मग गाडीवर लावून ठिणगी बघतो. तापल्यावर ठिणगी पिवळी झाली तर तो परत दुकानात.

आणखी एक करा. कंडेन्सर इंजिनच्या उष्णतेतून बाहेर काढा. पॉइंटजवळची जागा सर्वांत गरम, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत तिथे वारासुद्धा गरमच पोचतो. चांगला कंडेन्सर कॉईलजवळ, फ्रेमला रंग खरवडून घट्ट कसा आणि त्याची वायर कॉईलच्या पॉइंटच्या टर्मिनलला जोडा. वीजेच्या दृष्टीने जागा तीच, उष्णता निम्मी. मी बांधलेल्या जवळजवळ सगळ्या जुन्या बुलेटींवर तो असाच आहे.

आता तुम्ही घातलेल्या नव्या कॉईलबद्दल. ती 6 व्होल्टचीच आहे ना? दुकानात सहज मिळते ती 12 व्होल्टची. दिसायला सारखी, भोकंही जुळतात. दोन्ही वायरी सोडून छोट्या टर्मिनलांवर मीटर लावा. 6 व्होल्टची कॉईल साधारण दीड-दोन ओम दाखवते, 12 व्होल्टची तीन-चार. 6 व्होल्टच्या गाडीवर 12 ची कॉईल बसली तर तिच्यातून निम्माच करंट जातो. थंडपणी कशीबशी चालते, तापल्यावर नांगी टाकते. तुमचा मूळ दोष कॉईल बदलण्याआधीचा आहे हे खरं, पण चुकीची कॉईल आत असेल तर कंडेन्सर बदलूनही गाडी पूर्ण सुधारणार नाही आणि तुम्ही पुन्हा चुकीच्या वाटेला लागाल. आणि जुनी कॉईल फेकली नसेल तर जपून ठेवा, ती बहुधा निर्दोष होती. एक सवयही मोडा: गाडी बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट बंद स्थितीत थांबला असेल तर कॉईल तशीच तापत राहते आणि बॅटरी उतरते.

पॉइंटची कामं सांगतो, कारण कंडेन्सर मरताना पॉइंटही बिघडवून जातो. टोकं बघा. एका टोकावर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा असेल तर धातू एकीकडून दुसरीकडे वाहून गेलाय, म्हणजे कंडेन्सर नीट काम करत नव्हता. थोडं असेल तर बारीक तेलदगडाने सपाट करा. पॉलिश पेपर नको, त्याचे कण टोकांत रुततात. नंतर पेट्रोलने धुवा आणि पोस्टकार्डाची पट्टी दोन टोकांत धरून ओढा. काळी रेघ आली तर अजून मळ आहे, पट्टी पांढरी येईपर्यंत ओढा. नव्या पॉइंटलाही गंज लागू नये म्हणून पातळ थर दिलेला असतो. तो न धुता बसवला तर स्पार्कच येत नाही आणि माणूस दिवसभर वायरिंग शोधत बसतो. बुलेटच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजलेला असला की खालून इंजिन ऑइलही वर येतं. पट्टीवर दर आठवड्याला तेल दिसत असेल तर सील बघा.

पॉइंट बसवताना सगळ्यात जपायचं ते फायबरच्या वॉशरांना. हलत्या हाताची स्प्रिंग आणि वायर ज्या स्क्रूवर येतात, तिथे स्प्रिंग आणि वायरीचं टोक एकमेकांना लागलं पाहिजे आणि दोघांपैकी कुणीही प्लेटला किंवा स्क्रूच्या लोखंडाला लागता कामा नये. एक वॉशर उलटा बसला की पॉइंट कायमचा अर्थ. काटा डिस्चार्जला चिकटलेला, स्पार्क शून्य. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. आम्ही शिकलो तेव्हा ही सोय नव्हती, म्हणून काढलेल्या क्रमानेच वॉशर बोटात अडकवून ठेवायचो.

गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर, आणि तो कॅमने पॉइंट सर्वांत जास्त उघडला असताना मोजायचा. फीलर गेजचं पान किंचित अडकत सरकलं पाहिजे. कॅमवर तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं ग्रीस, त्याहून जास्त नको, नाहीतर ते उडून टोकांवर बसतं. अजिबात नसेल तर पॉइंटच्या हलत्या हाताची फायबरची टाच झिजते आणि गॅप दिवसागणिक कमी होतो. गॅप लावल्यावर शाफ्टचं टोक बोटांनी आडवं हलवून बघा. खेळत असेल तर बुश गेलेत, आणि मग तुम्ही कितीही नेमका गॅप लावा, चालत्या गाडीत तो बदलत राहणार.

गॅपनंतरच टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ. उलट क्रमाने केलं तर सगळी मेहनत वाया, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जातं, कमी केला की मागे. बुलेट 350 ला पिस्टन टोकाच्या 0.8 मिलिमीटर खाली असताना पॉइंट उघडायला लागला पाहिजे, ऑटो अॅडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की स्पार्क आपोआप आधी आणणारी यंत्रणा, पूर्ण मागे असताना. उघडण्याचा क्षण डोळ्यांनी पकडता येत नाही. पार्किंगचा बल्ब पॉइंटच्या टर्मिनलला आणि अर्थला जोडा आणि चावी चालू करा. पॉइंट बंद असेपर्यंत बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. चौथ्या, म्हणजे शेवटच्या गिअरात टाकून मागचं चाक हाताने किंचित फिरवलं की पिस्टन केसभर सरकवता येतो. प्लगचं भोक तिरपं असल्यामुळे स्पोक घालून मोजलेलं माप थोडं फसवतं, हे लक्षात ठेवून शेवटचा निर्णय गाडी चालवून घ्या. किक उलटी मारत असेल तर टायमिंग फार पुढे आहे. सायलेन्सरचा पाइप निळा पडत असेल आणि चढावर दम नसेल तर मागे आहे.

टायमिंग लावूनही गाडी कधी चांगली, कधी वाईट वागत असेल तर ऑटो अॅडव्हान्स बघा. कॅम बोटांनी फिरवून सोडला की स्प्रिंगने झटकन परत आला पाहिजे. गंजून अडकतो तो, विशेषतः बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांच्या, वर्षातले आठ-नऊ महिने झाकून ठेवलेल्या गाड्यांत.

तुमचा दोष उष्णतेचा आहे, पण जूनपासून दुसरा सुरू होईल, म्हणून पावसाचंही सांगून ठेवतो. चोडणहून रायबंदरला रोज फेरीबोटीने येणाऱ्या एका गिऱ्हाइकाची बुलेट पावसाळ्यात फक्त सकाळी मिसिंग मारायची. दुपारी गॅरेजला आणली की ठीक. एक दिवस मी ती रात्री ठेवून घेतली, दिवे मालवले, इंजिन चालू ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने प्लगच्या वायरीवर बारीक पाणी मारलं. कॅपच्या बुडापासून हेडच्या पात्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे निळे धागे पळताना दिसले. स्पार्क प्लगमध्ये जाण्याऐवजी बाहेरच्या बाहेर अर्थ होत होता. कॅपला डोळ्यांना न दिसणारी चीर होती आणि तिच्यात नदीकाठचं खारं दव. नवी कॅप घातली, वायरीचं टोक कापलं, प्रश्न संपला. वायरीचं टोक कापणं महत्त्वाचं. आपल्या खाऱ्या हवेत आतलं तांबं हिरवं पडतं, म्हणून दर पावसाळ्याआधी बोटाच्या पेराएवढी वायर कापून लख्ख तांबं दिसेल तिथे कॅप पिळून बसवा. कॅपच्या तोंडाला सिलिकॉन ग्रीस लावा. प्लगवर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, ती बाहेरचं पाणी अडवते आणि आतला घाम कोंडते.

6 व्होल्टच्या गाडीत वायरींची सैल टोकं जास्त भोवतात. 12 व्होल्टमधून अर्धा व्होल्ट गळला तर गाडी सांभाळून घेते, 6 मधून गळला तर स्पार्क लगेच पडतो. पॉइंट बंद, चावी चालू, अशा वेळी बॅटरीवरचे आणि कॉईलच्या आत येणाऱ्या टर्मिनलवरचे व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बहुतेक चोर चावीच्या स्विचमध्ये असतो. अर्थकडेही बघा. नुकत्याच रंगवून आणलेल्या गाड्या याच कारणाने त्रास देतात. रंग सुंदर, पण फ्रेम, इंजिन आणि बॅटरीच्या मध्ये तोच रंग आडवा येतो. बॅटरीच्या अर्थच्या टोकापासून थेट इंजिनच्या बोल्टला एक जाड वायर द्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आता इलेक्ट्रॉनिक किटचा सल्ला. किट वाईट नसतं. रोज नोकरीला पन्नास किलोमीटर जाणाऱ्या माणसाला, 12 व्होल्टच्या चांगल्या वायरिंगवर, मी ते बसवूनही देतो. पण तुमच्या गाडीला आत्ता ते बसवणं म्हणजे रोग न ओळखता औषध देणं. दोष अर्थमध्ये, स्विचमध्ये किंवा टॅपेटमध्ये असेल तर किटनंतरही गाडी अस्नोड्यालाच थांबेल, आणि मग मूळ पॉइंटही हातात नसतील. 6 व्होल्टवर नीट चालणारी किटं मिळायलाही कठीण. शिवाय चोर्ला घाटात किट मेलं तर खोक्यात उघडून बघण्यासारखं काही नसतं. पॉइंट मेले तर पोस्टकार्डाने साफ करून, चिमट्याचा कंडेन्सर लावून तुम्ही वाळपईला जेवायला पोचता. पुढेमागे किट बसवलंच तर जुनी प्लेट, पॉइंट, कंडेन्सर तेलकट फडक्यात गुंडाळून घरी ठेवा.

तुमच्या काकांच्या येझदीबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे. तिच्यात पॉइंट उजव्या कव्हरखाली क्रँकच्या टोकावर असतात. निदानाची रीत हीच, फक्त दोन गोष्टी वेगळ्या. उजव्या बाजूचं बेअरिंग झिजलं की क्रँकबरोबर कॅमही डुलतो आणि गॅप कधीच स्थिर राहत नाही. आणि त्या बाजूचं सील गेलं की पेट्रोल-ऑइलचा पातळ थर पॉइंटवर बसतो. त्यामुळे वारंवार पॉइंट साफ करावे लागत असतील तर काम सीलचं आहे. पोर्तुगीज काळातल्या, म्हणजे 1961 च्या आधीच्या, जुन्या ब्रिटिश गाड्या अजून काही घरांत आहेत. त्यांत मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय स्पार्क देणारं यंत्र, असेल तर कंडेन्सर त्याच्या फिरत्या गाभ्याच्या, आर्मेचरच्या आत असतो आणि तापल्यावर मरण्याचं लक्षण अगदी असंच देतो. तो रस्त्यावर बदलता येत नाही. आणि त्या गाड्यांना बॅटरी जोडण्याआधी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, आहे का ते आवर्जून बघा.

येत्या रविवारी असं करा. शनिवारी संध्याकाळी टॅपेट बघा, कॉईलचे ओम मोजा, पॉइंट पोस्टकार्डाने साफ करून गॅप 0.38 ला लावा आणि थंड गाडीवरची ठिणगी नीट बघून ठेवा. रविवारी ऊन चढल्यावर, टूलबॉक्स भरून, म्हापशाच्या रस्त्याला लागा आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवा. बंद पडली की टाकीचं झाकण, किकचा दाब, काटा, प्लगचा स्पार्क, पॉइंटवरची ठिणगी, याच क्रमाने बघा आणि जे दिसेल ते तिथेच कागदावर लिहा. काटा कुठे थांबला आणि ठिणगीचा रंग कोणता, एवढं मला कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.